पुढच्या गाडीचं पत्रक

मिशिगनमधल्या आमच्या मिलबर्नमध्ये कुणी जेवायला बोलावलं तर माणूस आनंदाने जातो. प्रेटरांकडे जाणारा मात्र आधी विचारून घ्यायचा, आज ओव्हनमध्ये काय ठेवलंय? एकदा चर्चचे नवे पास्टर आले होते. ओलेटाने ओव्हन उघडला तर आत कॉर्नब्रेडचा पत्ता नाही, काळा रंग दिलेल्या इंजिनाच्या दोन पट्ट्या मंद आचेवर वाळत होत्या. पास्टर हसले, पण पुन्हा त्या दाराशी फिरकले नाहीत.

एरवी आमच्या गावात हे सगळं उलटं असतं. दर गल्लीत एक तरी गॅरेज असं, की नवरा जुन्या गाडीखाली उताणा पडलाय आणि बायको दारात उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. प्रेटरांकडे गाडीखाली ओलेटा आणि दारात डेलबर्ट. तो बिचारा मासे धरणारा माणूस. किल्ली फिरवली की गाडी चालू होते, यापलीकडे त्याला गाडीतलं काही कळत नसे. तरी जुन्या गाड्यांच्या क्लबातले पुरुष नऊ वर्षं त्यालाच विचारत राहिले, कार्बोरेटर कसा बसवलास, झडपांची फट किती ठेवलीस. डेलबर्ट नुसतं बोट दाखवायचा. म्हणायचा, तिला विचारा, मला माझ्याच स्वयंपाकघरात शिरायची चोरी झालीय.

गाडी होती कॅटामाउंट, १९७० सालची, साडेचारशे घनइंचांच्या इंजिनाची, हाताने गिअर टाकायची. तसल्या सगळ्या मिळून एक्केचाळीस निघाल्या. ओलेटाला ती ओहायोच्या हद्दीवर एका शेतकऱ्याच्या कोठारात सापडली, टपावर गवताचे भारे आणि पुढच्या सीटवर व्यालेली मांजर. घरावर नवं छप्पर घालायला म्हणून ठेवलेले पैसे तिने त्या शेतकऱ्याच्या हातावर ठेवले. छप्पर अजून गळतं. माजघरात बादली आहे ती तेव्हापासूनची.

एवढा सोस कशासाठी, असं तिला कुणी विचारलं तर ती चिडायची. पुरुषांना कधी विचारता का, म्हणायची. पण कारण साधं होतं. एकोणीस वर्षांची असताना ती नवऱ्याबरोबर केंटकीच्या डोंगरातून इथे आली, इथल्या मोटारींच्या कारखान्यात लागली आणि तीस वर्षं तिने सीटा केल्या. स्प्रिंगांवर गादी, गादीवर रेक्झिन, रेक्झिन खेचून खालून तारेच्या कड्या पकडीने दाबायच्या. मिनिटाला जवळजवळ एक सीट. इंजिनवाले पुरुष सीट-खात्याला शिवणक्लास म्हणायचे. त्या हजारो सीटांपैकी एकीवर बसून ती कधी पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा गेली नव्हती.

तर नऊ वर्षं. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायला ती रात्रशाळेत वेल्डिंग शिकली, वर्गात बाकी सगळी पोरं तिच्या नातवाच्या वयाची. इंजिनातला क्रँकशाफ्ट एक अख्खा हिवाळा जेवणाच्या टेबलावर होता आणि नाताळची टर्की त्याच्या शेजारी बसून खाल्ली. शेवटच्या वर्षी तर डेलबर्टला वाटलं की बाई आता पुरती बिघडली. कारण एवढी घासूनपुसून आरशासारखी केलेली गाडी ती मुद्दाम खराब करायला लागली.

त्यालाही कारण होतं. या गाड्यांच्या स्पर्धेत गाडी कारखान्यातून निघाली तशी लागते, त्याहून बरी चालत नाही. तिथे रंगाचा ओघळ आला असेल तर इथेही ओघळ पाहिजे. तपासनिसाने खडूने वेडीवाकडी खूण केली असेल तर तीही पाहिजे, त्याच रंगाच्या खडूने. लोक त्यासाठी पुस्तकं धुंडाळतात. ओलेटाला पुस्तक नको होतं. दाराच्या फटीत लुकण भरणारा डॉनी जेवणाच्या सुट्टीत बिअर पिऊन यायचा आणि डाव्या हाताने लुकण फासायचा, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनेही डाव्या हाताने फासलं. डेलबर्ट म्हणाला, केवढी घाण ही. ती म्हणाली, माझी नाही, डॉनीची आहे, आणि ती अशीच होती.

सगळ्यात शेवटी तिने मागची सीट उघडली. तिचं स्वतःचं काम, म्हणून मागे ठेवलेलं. कड्या एकेक करून सोडवल्या, रेक्झिन मागे केलं, आणि स्प्रिंगांच्या मधे तिला तीन घड्या घातलेला कागद दिसला.

तो तिनेच घातला होता. शंकाच नाही. प्रत्येक गाडीचं एक पत्रक असायचं, कोणतं इंजिन, कोणता रंग, कोणत्या सीटा, वर गाडीचा नंबर. जणू जन्मपत्रिकाच. सीट तयार झाली की त्या पत्रकाचं काम संपे, आणि कागद जमिनीवर टाकला तर फोरमन ओरडे, म्हणून बायका तो सीटच्या पोटात कोंबून मोकळ्या होत. कुणी चुरगळे, कुणी दोन घड्या घाली. तीन घड्या घालणारी ओलेटा एकटी. आज असं पत्रक सापडलं तर क्लबातली माणसं त्याला काचेत घालतात, कारण गाडी अस्सल असल्याचा त्याहून मोठा पुरावा नाही.

तिने घडी उलगडली. गाडीवर कारखान्यात ठोकलेल्या नंबराच्या पट्टीचा शेवट होता ४१७. पत्रकावर होता ४१८. आणि पत्रकातली गाडी होती तपकिरी, सहा सिलिंडरची, आपोआप गिअर बदलणारी. एखाद्या शाळामास्तराची असावी अशी.

ओलेटा जमिनीवरच बसली. ही चूक कशाने झाली हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि चव्वेचाळीस वर्षांत ते तिने डेलबर्टलासुद्धा सांगितलं नव्हतं.

डेलबर्टचा सल्ला सरळ होता. उंदरांनी खाल्लं म्हण. अर्ध्या गावाच्या गाड्यांची पत्रकं उंदरांनीच खाल्ली आहेत, त्यात अजून एक. पण क्लबाचा अध्यक्ष रॉइस डोम्ब्रोस्की जुलैच्या स्पर्धेआधी गाडी बघायला आला, त्याने पत्रक मागितलं, आणि ओलेटाने ते काढून त्याच्या हातात दिलं. एका आकड्याचा फरक, हसून सोडून देईल, असं तिला वाटलं होतं.

रॉइस कारखान्यातला जुना टूलमेकर, हत्यारं घडवणारा. सत्तरी ओलांडलेला, नखं स्वच्छ, बोलणं मोजकं, स्वतःची कॅटामाउंट कित्येक वर्षं बक्षिसं घेणारी. त्याने पत्रक वाचलं, पट्टी वाचली, पुन्हा पत्रक वाचलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ओलेटाला वाटलं, रागाने.

"ही पट्टी या गाडीची नाही," तो म्हणाला. "तुझी गाडी ती तपकिरी आहे. कुणीतरी मोडक्या गाडीची पट्टी काढून हिच्यावर ठोकलीय."

हे साधं बोलणं नव्हे. मिशिगनमध्ये पट्टी बदलणं हा तुरुंगात जायचा गुन्हा आहे. आठ दिवसांत गावभर झालं, प्रेटरबाईची गाडी खोटी. स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव गेलं. डोनटच्या दुकानात तिला बघून माणसं आवाज खाली करायला लागली. डेलबर्ट म्हणाला, लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. ओलेटा म्हणाली, मी नाही विसरणार, माझी नऊ वर्षं गेलीत तिच्यात आणि मी चोर नाही.

मंगळवारी युनियनच्या हॉलमध्ये क्लबाची बैठक असते. ती गेली, हात वर केला, उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

१९७० चा मार्च. तिला कामाला लागून अकरा आठवडे झालेले. नव्वद दिवस पुरे होईपर्यंत नव्या माणसाला युनियनचा आधार नसे, फोरमनला वाटलं की दुसऱ्या दिवसापासून घरी. त्यात तिला चौथा महिना. पोटुशी आहे कळलं असतं तर तेव्हा त्याच संध्याकाळी काढलं असतं, म्हणून ती पट्टा घट्ट आवळून यायची. भूक मात्र आवळता येत नाही. सकाळी साडेनऊला फोरमनची पाठ वळली तसा तिने पिशवीतला जॅमचा डोनट काढला आणि दोन घासांत संपवला. जॅमचे हात पत्रकांच्या गठ्ठ्याला लागले. दोन पत्रकं एकमेकांना चिकटली आणि एकाच सीटमध्ये गेली. तिथून पुढे प्रत्येक सीटमध्ये पुढच्या गाडीचं पत्रक. साडेतीनला शेवटची सीट आली आणि तिच्या हातात कागदच उरला नव्हता, तेव्हा तिला उमगलं.

"मी गप्प बसले," ती म्हणाली. "सीटा बरोबर होत्या, गाद्या आणि रेक्झिन आधीच क्रमाने लावून येत. कागद काय, कचराच होता तो. त्या दिवशीच्या तीनेकशे गाड्या तशाच गेल्या."

हॉलमध्ये मागून हसू फुटलं. कुणी म्हणालं, बरा सापडला डोनट, चव्वेचाळीस वर्षांनी. एकाने विचारलं, साक्षीदार कोण? तिच्या शेजारी कड्या दाबणाऱ्या दोघी कधीच्या वारल्या होत्या. आणि इंजिन खात्यातला एक म्हातारा तर तावातावाने उठला, आमच्या कारखान्यातून तीनशे चुकीच्या गाड्या बाहेर पडल्या म्हणते ही शिवणक्लासवाली! रॉइस अध्यक्षाच्या खुर्चीत होता. बैठक संपायच्या आधीच टोपी घेऊन निघून गेला.

रविवारी चर्च सुटायच्या वेळेला तो तिच्या गॅरेजच्या दारात उभा. डेलबर्ट तळ्यावर गेलेला. ओलेटाने त्याला आत ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि पाकिटातून कागद. तीन घड्यांचा.

"माझी गाडी ४३१," तो म्हणाला. "वाच."

कागदावर ४३२ होतं. सगळ्या क्लबाला ठाऊक होतं की रॉइसच्या गाडीचं पत्रक उंदरांनी खाल्लंय. ते सापडलं तेव्हाच त्याने वाचलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी, आणि हत्यारांच्या पेटीत सगळ्यात खाली दडवून ठेवलं होतं. गाडी त्याने विश्वासाच्या माणसाकडून घेतली होती. त्या माणसाने आपल्याला फसवलं आणि आपण लोकांना फसवतोय, हे तो एकोणीस वर्षं मनात घेऊन बक्षिसं उचलत होता. ओलेटाची गाडी खोटी ठरवताना त्याला आपल्याच गाडीचं दिसत होतं.

"जाळलं का नाहीस?" तिने विचारलं.

"हात धजला नाही. तूही नाही जाळलंस."

मग तो रडला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, ताठ उभा राहून, टोपी हातात धरून. ओलेटाला त्याचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला, आणि लाज वाटायला लागली, स्वतःची. ती त्याला माफ कर म्हणाली. कारखान्यात तीस वर्षांत हा शब्द तिने कुणाला म्हटला नव्हता, कुणी तिलाही नाही. त्याने मान हलवली आणि विचारलं की कॉफी मिळेल का.

पुढच्या मंगळवारी रॉइसने दोन्ही पत्रकं हॉलच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. माझं उंदरांनी खाल्लं नव्हतं, मी लपवलं होतं, म्हणाला, आणि अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तो कुणी स्वीकारला नाही हा भाग वेगळा. इंजिन खात्यातला म्हातारा दोन्ही कागद भिंगाखाली धरून बघत बसला. एकाच हाताच्या घड्या, एकाच बाजूने एकेक आकडा पुढे. जुलैच्या स्पर्धेत ४१७ उभी राहिली आणि तपासनिसाने हजारपैकी नऊशे एक्क्याण्णव गुण दिले. डॉनीच्या लुकणाला पैकीच्या पैकी.

दुसरं कुणी असतं तर इथे थांबलं असतं. डेलबर्टने तसं सांगितलंही, गाडी अस्सल ठरली, आता छपराचं बघ. पण ओलेटाच्या डोक्यातून रॉइसची टोपी जाईना. तीनशे गाड्यांतल्या अजून शंभर तरी कुठे ना कुठे असतील. म्हणजे शंभर पेट्या, शंभर खण, तळाशी एकेक कागद. तिने जुन्या गाड्यांच्या मासिकाला पत्र धाडलं. तुमच्या कॅटामाउंटच्या सीटमध्ये पुढच्या नंबराचं पत्रक असेल तर गाडी खरी आहे. चूक माझी. खाली नाव, पत्ता आणि फोन.

पत्रं यायला लागली. टेक्सासातल्या एकाने संत्र्यांची पेटी पाठवली. एकाने लिहिलं, सतरा वर्षांत पहिल्यांदा गाडी ताडपत्रीतून काढली. नऊ पत्रं अशी आली आणि डेलबर्ट ती पोस्टमनलाही वाचून दाखवायचा. दहावं आयोवाहून आलं, पेन्सिलीने लिहिलेलं.

"बाई, मी मर्ल शुल्ट्झ, वय ८१. १९९२ साली मी माझी कॅटामाउंट थोरल्या भावाला, व्हर्जिलला विकली. त्याने सीट उघडली आणि कागद सापडला. मी त्याला फसवलं असं त्याने धरून घेतलं. मी बायबलवर हात ठेवून सांगितलं. तो सतरा वर्षं माझ्याशी बोलला नाही. २००९ साली गेला. अंत्यविधीला वहिनीने मला दाराबाहेर ठेवलं. तुमचं पत्र वाचलं. त्याचं आता काय करावं ते मला सुचत नाही."

ओलेटाने ते दोनदा वाचलं. उत्तर लिहायला बसली, प्रिय मिस्टर शुल्ट्झ लिहिलं, चूक माझी होती लिहिलं, आणि पेन पुढे सरकेना. डेलबर्टने विचारलं, काय लिहितेस. ती म्हणाली, कागदावर सांगायची गोष्टच नाही ही. आणि त्याला गाडीची टाकी भरून आणायला पाठवलं.

कुठली गाडी, हे विचारायचं त्याच्या तोंडावर आलं होतं. स्पर्धेची गाडी कुणी रस्त्यावर काढत नाही, ट्रेलरवरून नेतात. एक खडा उडाला की दोन गुण गेले. सहाशे मैलांत किती खडे, याचा हिशेब क्लबातला कुणीही झोपेत केला असता. पण ती म्हणाली, त्या माणसाला ती सीट दाखवायचीय मला. डेलबर्टने मासे धरायचा गळ डिकीत टाकला आणि मुकाट्याने शेजारी बसला. इंडियानात पाऊस लागला, इलिनॉयमध्ये रस्त्याचं काम चालू होतं. आयोवात पोचेपर्यंत पुढच्या भागाची चाळण झाली होती.

मर्ल शुल्ट्झचं घर मक्याच्या शेताच्या टोकाला होतं. तो पोर्चवर आला, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून मागच्या सीटवर हात फिरवला. त्याने चिडावं अशी ओलेटाची तयारी होती. तो चिडला नाही. आत नेऊन त्याने दोघांना टेबलाशी बसवलं, पाय मोडलेल्या खुर्चीवर स्वतः बसला, आणि तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, अकरा आठवडे, पोट, भूक, फोरमन, सगळं.

"किती महिन्यांच्या होतात म्हणालात?" त्याने मधेच विचारलं.

"चार."

"मूल?"

"मुलगी झाली. बरी आहे. चव्वेचाळीसची झाली."

त्याने मान डोलावली. मग उठला, भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर काढला आणि न बघता नंबर फिरवला. तो नंबर त्याला पाठ होता. पलीकडे घंटा वाजत असताना त्याने रिसीव्हर ओलेटापुढे धरला.

"माझी वहिनी आहे, नोरीन. माझा आवाज ऐकला की ती ठेवून देते," तो म्हणाला. "तुम्ही सांगा."

ओलेटाने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईने कोण बोलतंय म्हणून विचारलं. ओलेटाने आपलं नाव सांगितलं, मिलबर्न, मिशिगनहून आलेय म्हणाली, आणि मर्लकडे बघत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.